बाहेरचं टेलिकॉम कॅबिनेट: आधी हवेची वाट, मग वायरची

कॅबिनेट ८०० मिमी रुंद, ८०० मिमी खोल आणि १६०० मिमी उंच. दुहेरी पत्रा, फिकट राखाडी रंग, पुढे एक दार आणि मागे एक. आत बसवायची होती फायबरची ॲक्सेस शेल्फ (ग्राहकांच्या फायबर जोडण्यांची कार्डं बसणारी चौकट), मोबाइलचं बेसबँड युनिट (रेडिओच्या सिग्नलवर प्रक्रिया करणारं यंत्र), एक राउटर, ४८ व्होल्टची रेक्टिफायर शेल्फ (एसी विजेची डीसी करणारी) आणि १०० अँपिअर-तासाच्या, १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या. शिवाय बाहेर खांबावर, ३० मीटर केबलच्या टोकाला मोबाइलचे सिग्नल पाठवणारा-घेणारा एक रेडिओ. असं काम सहसा आधी यंत्रं, मग वायरिंग आणि उरलेल्या जागेत पंखे, या क्रमाने होतं. या कॅबिनेटला आम्ही क्रम उलटा लावला. भर उन्हाळ्यात बंद पडलेलं कॅबिनेट उघडलं की बरेचदा सगळे जोड घट्ट असतात, फक्त केबलचा जाडजूड जुडगा नेमका पंख्यासमोरून गेलेला असतो.

पहिलं काम उष्णतेच्या हिशेबाचं. यंत्रांच्या पाट्यांवरचे वॅट मिळवले तर बेरीज बरीच फुगते, कारण तो आकडा सगळी कार्डं भरलेल्या शेल्फचा असतो. वायर निवडायला तो बरोबर, पंखे निवडायला जास्त. म्हणून यंत्रं टेबलावर पूर्ण भाराने चालवली आणि डीसी टाँग टेस्टरने (तार न तोडता मोजणाऱ्या मीटरने) प्रवाह मोजला: ५४ व्होल्टवर ११.२ अँपिअर, म्हणजे ६०५ वॅट. पंख्यांचे ४० वॅट धरून ६४५. खांबावरचा रेडिओ ३०० वॅट घेतो. त्याची उष्णता खांबावरच जाते, पण त्याची वीज आपल्याच रेक्टिफायरमधून जाते, हे विसरायचं नाही. ९५ टक्के कार्यक्षमतेचा रेक्टिफायर ९४५ वॅट देताना सुमारे ५० वॅट स्वतः तापण्यात घालवतो. म्हणजे आतली उष्णता झाली ७०० वॅट.

त्यात ऊन मिळवायचं. स्वच्छ दुपारी उन्हाला सरळ सामोऱ्या पृष्ठभागावर चौरस मीटरला १००० वॅटच्या आसपास ऊन पडतं. एका वेळी उन्हात येणारा पत्रा २ चौरस मीटर, किरण तिरके म्हणून चौरस मीटरला ८०० वॅट, आणि फिकट रंग त्यातलं ३० टक्के शोषतो असं धरलं, तर बाहेरचा पत्रा ४८० वॅट घेतो. त्यातलं बरंचसं बाहेरच्या हवेलाच परत जातं. दोन पत्र्यांमधल्या पोकळीतून हवा वर चढत असेल, तर आत फार थोडं पोहोचतं. आम्ही १०० वॅट धरले. गडद रंगाच्या एकेरी पत्र्याला निदान तिप्पट धरतो. एकूण ८०० वॅट.

आता ही उष्णता बाहेर काढायची कशी? पत्र्यातून आपोआप जाईल, यावर भिस्त ठेवता येत नाही. रंगवलेल्या एकेरी पोलादी पत्र्यातून चौरस मीटरमागे, आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंशाला सुमारे ५.५ वॅट जातात. तळ सोडून या कॅबिनेटचा पत्रा ५.७६ चौरस मीटर आहे. आत १० अंश जास्त असताना त्यातून ३१७ वॅट गेले असते. दुहेरी पत्र्यातून त्याहून कमी. ऊन अडवणारी भिंत आतली उष्णताही अडवते.

बंद कॅबिनेटला हीट एक्स्चेंजर (आतली-बाहेरची हवा न मिसळता उष्णता बाहेर देणारं यंत्र) लावता येतो. धूळ, मीठ, रसायनांची वाफ असलेल्या जागी तोच घ्यावा. त्याची ताकद दर अंशामागे वॅटमध्ये देतात. ८० वॅट प्रति अंशाचा एक्स्चेंजर ८०० वॅट काढील, पण त्यासाठी आत बाहेरपेक्षा १० अंश जास्त असावंच लागतं. बाहेरच्यापेक्षा थंड हवी असेल तर एअर कंडिशनर. त्याची खरी अडचण वीज गेल्यावर कळते. कॉम्प्रेसर थांबतो, यंत्रं मात्र बॅटरीवर चालूच राहतात, आणि पेटी बंद असते. आतला सगळा धातू मिळून १५० किलो धरला, तर एक अंश तापायला त्याला सुमारे ७५ किलोज्यूल लागतात. ८०० वॅटच्या हिशेबाने ही मिनिटाला अर्ध्या अंशाहून जास्त वाढ झाली. बॅटरी चार तासांची असली तरी कॅबिनेट अर्ध्या-पाऊण तासात तापमानाच्या मर्यादेवर पोहोचतं. म्हणून एअर कंडिशनर लावला तरी ४८ व्होल्टवर चालणारा, आपोआप उघडणाऱ्या झडपेचा आपत्कालीन पंखा लागतोच. आणि एअर कंडिशनर २० अंशांवर लावण्याची हौस करू नये. बाहेर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दव २४ अंशांना धरतं. अशा हवेत थंडगार कॅबिनेटचं दार उघडलं की कार्डांना घाम फुटतो. २८ ते ३० अंश पुरतात.

आमची यंत्रं आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या ५५ अंशांपर्यंत चालणारी होती आणि बाहेरचं कमाल तापमान ४० धरलं होतं. जागेवर धूळ बेताची. म्हणून थेट पंखे आणि फिल्टर. लागणारी हवा काढायचं सूत्र सोपं आहे: वॅटला ३.१ ने गुणायचं आणि हवेच्या तापमानात चालेल तेवढ्या वाढीने भागायचं. उत्तर तासाला घनमीटरमध्ये येतं. ८०० वॅट आणि १० अंश वाढ म्हणजे २४८ घनमीटर. हे समुद्रसपाटीचं झालं. उंचावर हवा विरळ होते, हजार मीटरला साधारण १० ते १२ टक्के, आणि तितकी हवा वाढवावी लागते.

इथे हमखास चूक होते ती पंख्याच्या आकड्यात. १२० मिमीच्या चांगल्या पंख्यावर तासाला १६० घनमीटर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या हवेत, पुढेमागे काही नसताना. फिल्टर, जाळी आणि पावसाची झडप लागली की हाती निम्मं उरतं. दोन पंखे घेऊन ३२० मिळतील असं समजणाऱ्याला १६० मिळतात आणि वाढ १० ऐवजी साडेपंधरा अंश होते. आम्ही चार घेतले: निम्म्याने ३२०, एक बंद पडला तर कागदावर २४०. कागदावर अशासाठी, की बंद पंखा म्हणजे भोक. बाकीच्या तिघांनी ढकललेली हवा त्यातून उलटी बाहेर जाते. प्रत्येक पंख्यामागे हलकी प्लास्टिकची झडप लावली की हे थांबतं.

पंखे खाली लावून हवा आत ढकलायची, की वर लावून ओढायची? वर लावलेला पंखा गरम हवेत फिरतो, त्याचं बेअरिंग लवकर जातं. शिवाय आत किंचित निर्वात झाल्यामुळे प्रत्येक फटीतून, न वापरलेल्या ग्लँडच्या (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचाच्या) भोकातून, दाराच्या सैल रबरातून धूळ आत येते, तीही फिल्टरला वळसा घालून. खालून ढकलल्यावर आत किंचित दाब राहतो आणि फटींतून हवा बाहेर जाते. आम्ही ढकलणारे लावले, पुढच्या दाराच्या खालच्या भागात, बॅटरीच्या कप्प्याच्या वर. बाहेर पडायची जाळी मागच्या बाजूला छपराखाली, पावसाच्या टोपीसह. फिल्टरमधून हवेचा वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा. ३२० घनमीटरला ३०० बाय ३०० मिमीचा फिल्टर बरोबर पुरतो. बाहेरची जाळी त्याच्या सव्वा ते दीडपट.

बॅटरीचा कप्पा तळाशी, मधे पत्रा आणि इन्सुलेशन घालून वेगळा. चार बॅटऱ्यांचं वजन १२० किलोच्या आसपास भरतं, ते खालीच हवं. कप्पा वेगळा असला तरी हवाबंद नको. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना थोडा हायड्रोजन सोडते, हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. कप्प्याच्या वरच्या कडेला थेट बाहेर उघडणारी झडप ठेवली, कारण हा वायू वरच साचतो. उष्णता हा बॅटरीचा खरा शत्रू: २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून यंत्रांची गरम हवा त्या कप्प्यात कुठूनही शिरता कामा नये. केबल खाली उतरवायच्या भोकांतही रबरी ग्रोमेट आणि फोम भरला.

हवेची वाट ठरल्यावर वायरच्या वाटा उरलेल्या जागेत आखल्या. पुढच्या दारामागे १५० मिमी पूर्ण मोकळे. २३० व्होल्ट एसी (बाहेरून येणारी मुख्य वीज) उजव्या भिंतीने, डीसी डाव्या भिंतीने, फायबर पुढच्या डाव्या खांबालगत, अलार्मच्या तारा पुढच्या उजव्या. एसी आणि डेटा एकमेकांना छेदतील तिथे काटकोनात. मागची मधली पट्टी गरम हवेसाठी मोकळी. तिथे एकही केबल नाही, हा नियम काम करणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवला, आणि तरी तो मोडला गेलाच. त्याबद्दल पुढे.

वायरिंगची सुरुवात अर्थिंगपासून. तांब्याची एक अर्थ पट्टी तळाजवळ, आणि सगळं तिथेच येऊन मिळतं: रॅकचा सांगाडा, दोन्ही दारं, एसीचा अर्थ, सर्ज अरेस्टर (विजेचा लोळ जमिनीकडे वळवणारा), केबलचं चिलखत, आणि ४८ व्होल्टची धन बाजू. हो, धन. टेलिकॉममध्ये धन जमिनीला जोडलेला आणि ऋण जिवंत असतो, कारण ओलाव्यात जमिनीच्या मानाने ऋण असलेली तांब्याची तार गंजून झिजत नाही. नवीन माणसाचा इथे गोंधळ होतो. मीटरची काळी तार धन पट्टीला आणि लाल जिवंत तारेला लावली की उणे ५४ दिसतं, आणि ते बरोबर असतं. धन आणि अर्थ यांचा जोड एकाच जागी करायचा. दोन जागी केला तर भाराचा प्रवाह सांगाड्यातूनही परतू लागतो.

अर्थच्या प्रत्येक जोडाखालचा रंग घासून काढला, दातेरी वॉशर लावला आणि वर गंजरोधक ग्रीस. दाराची बिजागरी म्हणजे अर्थ नव्हे. वेणीची सपाट तांब्याची पट्टी वेगळी हवी.

सर्ज अरेस्टरच्या तारा मोजून कापल्या. फेजपासून अरेस्टर आणि तिथून अर्थ पट्टी, दोन्ही तुकडे मिळून अर्ध्या मीटरच्या आत. सरळ तारेच्या एका मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो. विजेचा लोळ मायक्रोसेकंदाला १ किलोअँपिअरने चढला तरी त्या मीटरभर तारेवर १ किलोव्होल्ट उभा राहतो, आणि तो अरेस्टरच्या व्होल्टेजवर चढून यंत्रापर्यंत जातो. तारेचं छान गोल वेटोळं करून टाय लावलेला अरेस्टर बघायला नीटनेटका दिसतो, पण निम्मा निकामी असतो. वायरिंगमध्ये नीटनेटकेपणा नडतो अशी ही एकच जागा.

एसीला बाकी फार काही नाही. १००० वॅटची तीन रेक्टिफायर मॉड्यूल घेतली: भार ९४५ वॅट, बॅटरीला १० अँपिअरने चार्ज करायला ५४०, मिळून १४८५, म्हणजे दोन पुरतात आणि तिसरं राखीव. तिन्ही पूर्ण ताकदीने चालली तर २३० व्होल्टवर १४ अँपिअर. ४ चौरस मिमीची केबल, २० अँपिअरचा एमसीबी (छोटा ब्रेकर), जिवंत टर्मिनलवर पारदर्शक झाकण.

डीसीला मात्र वेळ द्यावा लागतो. यंत्रं ठरावीक वॅट घेतात, ठरावीक अँपिअर नाही. बॅटरी उतरत गेली की प्रवाह वाढतो. ५४ व्होल्टला ९४५ वॅट म्हणजे १७.५ अँपिअर, पूर्ण उतरलेल्या बॅटरीच्या ४३.२ व्होल्टला तेच २१.९. वायरची निवड नेहमी खालच्या व्होल्टेजला करायची. खांबावरच्या रेडिओचं गणित असं: ४३.२ व्होल्टला ७ अँपिअर, ३० मीटर जाऊन ३० मीटर परत, तांब्याचा रोध मीटरला ०.०१७५ भागिले चौरस मिमी. ४ चौरस मिमीला घट १.८४ व्होल्ट. उन्हात तापलेल्या केबलचा रोध २० टक्क्यांपर्यंत वाढतो, मग २.२. ब्रेकर आणि जोडांचा अर्धा व्होल्ट धरला तर रेडिओपाशी ४०.५ व्होल्ट उरतात, आणि ४०.५ हीच या यंत्रांची नेहमीची खालची मर्यादा. अगदी काठावर. म्हणून ६ चौरस मिमी घातली. घट दीड व्होल्टच्या आत आली.

बॅटरीच्या केबलचा प्रश्न घटीचा नसून तापण्याचा. बॅटरीला ६३ अँपिअरचा ब्रेकर होता. १६ चौरस मिमीची पीव्हीसी केबल भिंतीवर लावली तर ३० अंशांना ७६ अँपिअर नेते, म्हणून ती पुरेशी वाटते. पण कॅबिनेटच्या आत ५५ अंश धरले तर पीव्हीसीसाठी गुणक ०.६१ आहे, ७६ चे उरतात ४६. ब्रेकर पडायच्या आधी केबल शिजेल. ९० अंशांपर्यंत टिकणाऱ्या एक्सएलपीई इन्सुलेशनला त्याच तापमानाला गुणक ०.७६. आम्ही २५ चौरस मिमीची एक्सएलपीई घातली. कॅबिनेटमध्ये केबल निवडताना घरातल्या वायरिंगचा तक्ता वापरणं ही सर्रास दिसणारी चूक आहे.

ब्रेकर डीसीचेच हवेत. एसीचा प्रवाह दर अर्ध्या आवर्तनाला शून्यावर येतो आणि ठिणगी विझते. डीसीला ती सोय नाही. बऱ्याच डीसी एमसीबीत ठिणगीला चुंबकाने कोंडीत ढकलतात, म्हणून त्यांना धन-ऋण खुणा असतात. ब्रेकर ऋण तारेत बसतो, आणि तिथे प्रवाह यंत्राकडून पुरवठ्याकडे वाहतो. त्यामुळे धन खुणेचं टोक यंत्राच्या बाजूला येतं, सवयीच्या नेमकं उलट. चुकीचा लावलेला ब्रेकर वर्षभर बिनबोभाट चालतो आणि पहिल्या शॉर्टला जळतो. बॅटरीच्या ब्रेकरमधून प्रवाह दोन्ही दिशांना जातो, तिथे खुणा नसलेला, दोन्ही बाजूंनी चालणाराच घ्यायचा. प्रत्येक वेळी ब्रेकरच्या अंगावरची आकृती पाहायची.

लग (केबलच्या टोकाचं नळकांडं) क्रिंप करताना, म्हणजे दाबून बसवताना, केबलच्या मापाची डाय (दाबायचा साचा) आणि त्याच मापाचा लग. एक माप मोठा लग घेऊन जोरात दाबला की वरून ठीक दिसतो, आत तारा सैल असतात. बारीक तारांच्या मऊ केबलला स्क्रू टर्मिनलमध्ये फेरूलशिवाय (तारा एकत्र धरणाऱ्या छोट्या नळीशिवाय) घालायचं नाही. घट्ट करायला टॉर्कचा पाना, आकडा उत्पादकाने दिलेला, आणि झाल्यावर बोल्टवर रंगाची रेघ. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला. रंगांचं म्हणाल तर निळी ऋण ४८, काळी परतीची. काही ठिकाणी परतीची लाल असते, म्हणून रंगावर न विसंबता दोन्ही टोकांना छापील खूण लावली.

दारावरच्या पंख्यांची तार दरवेळी दारासोबत वाकते. मऊ, अनेक बारीक तारांची केबल, सर्पिल आवरणात, बिजागरीच्या बाजूने, दार पूर्ण उघडल्यावरही ताण येणार नाही एवढा फास ठेवून, दोन्हीकडे क्लँप. पंख्यांच्या कनेक्टरला कुलूपपट्टी असावी. कंपनाने निसटलेला कनेक्टर हे पंखा ‘बंद’ असण्याचं फार साधं कारण असतं. पंख्याच्या नियंत्रकाची सेटिंग अशी: २५ अंशांना हळू, ४५ अंशांना पूर्ण वेग, आणि सेन्सरची तार तुटली तर पूर्ण वेग. हे शेवटचं खरोखर सेन्सर उपटून पाहिलं.

तापमानाचा सेन्सर यंत्राच्या हवा ओढणाऱ्या तोंडापाशी. पंख्यासमोर ठेवला तर तो बाहेरचं तापमान सांगतो आणि आत काय चाललंय ते कळत नाही. बॅटरीचा सेन्सर हवेत लोंबता नको, मधल्या बॅटरीच्या अंगाला चिकटवलेला हवा. रेक्टिफायर त्याच्यावरून चार्जिंगचं व्होल्टेज कमी-जास्त करतो: २५ अंशांना ५४ व्होल्ट, आणि २४ सेलला मिळून दर अंशाला साधारण ७२ मिलिव्होल्ट कमी. ४० अंशांना ५२.९. हा सेन्सर चुकून गरम हवेत राहिला तर बॅटरी कायम अर्धपोटी राहते, आणि नंतर दोष बॅटरीला दिला जातो.

बॅटरी उतरल्यावर तोडणारा संपर्क, म्हणजे एलव्हीडी, दोन टप्प्यांत लावला. ४६ व्होल्टला रेडिओ आणि बेसबँड जातात, ४३.२ ला फायबर आणि राउटर. अलार्मच्या तारा, म्हणजे दार, धूर, एसी गेला, पंखा बंद, अरेस्टर खलास, सगळ्या एरवी जुळलेल्या असणाऱ्या संपर्कावर. त्यामुळे उंदराने तार कुरतडली तरी अलार्म येतो.

केबल आत येतात त्या फक्त तळातून. प्रत्येक केबलला तिच्या जाडीचा ग्लँड, बाहेर खाली झुकलेला फास, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. एका ग्लँडमध्ये दोन केबल कोंबल्या की मधल्या फटीतून पाणी येतंच. न वापरलेल्या भोकांना बूच. जमिनीखालून येणाऱ्या पाइपांची तोंडं फोमने भरली. न भरलेला पाइप चेंबरमधली दमट हवा, मुंग्या आणि पाली थेट आत आणतो. फायबरचा वळसा ३० मिमी त्रिज्येच्या आत येऊ दिला नाही, स्प्लाइस ट्रेमध्ये (फायबरचे जोड ठेवायच्या तबकात) मीटर-दीड मीटर राखीव ठेवला, आणि टाय प्लास्टिकचे न लावता वेल्क्रोचे लावले.

वीज देण्याचा क्रम: सगळे ब्रेकर बंद. एसी लावून एकच रेक्टिफायर चालू केला, बसबारवर (वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्टीवर) ५४ व्होल्ट आणि त्यांची दिशा तपासली. मग बॅटरीच्या ब्रेकरच्या दोन टोकांमधला फरक मोजला. बॅटरी बरोबर लागली असेल तर फरक दोन-चार व्होल्टचा असतो. उलटी लागली असेल तर शंभराच्या वर दिसतो. हे न पाहता ब्रेकर चढवणं म्हणजे हात भाजून घेणं. बॅटरीचे जोड इन्सुलेटेड पान्याने, अंगठी आणि घड्याळ काढून. बसबार आधी रेक्टिफायरने भरलेला असला की ब्रेकर चढवताना ठिणगीही जेमतेम पडते. त्यानंतर एकेक यंत्र.

भार चढल्यावर जोडांवरची घट मिलिव्होल्टमध्ये मोजली. एकसारख्या जोडांवर आकडे एकसारखे हवेत. बाकीचे २ मिलिव्होल्ट दाखवत असताना एक ९ दाखवत होता. लगचं नळकांडं केबलच्या इन्सुलेशनवर अर्धं चढलेलं निघालं. डोळ्यांना तो जोड निर्दोष दिसत होता, कारण वर हीट श्रिंक (तापवून आवळलेली प्लास्टिकची नळी) होती.

आता गरम चाचणी. यंत्रांचा आणि उन्हाचा मिळून ८०० वॅटचा भार रोधकांनी दिला, दारं लावली, चार तास चालवलं. बाहेर ३१ अंश. मागच्या जाळीतून निघणारी हवा ४४, यंत्रांच्या तोंडाशी ४०. हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि ते एकत्र करायचे नाहीत. निघणारी हवा बाहेरपेक्षा १३ अंश जास्त, म्हणजे सूत्र उलटं लावलं तर १९१ घनमीटरच हवा फिरते आहे; ठरवलेली होती ३२०. थोडी उष्णता पत्र्यातून जाते म्हणून खरी हवा याहूनही कमी. यंत्रांच्या तोंडाशी बाहेरपेक्षा ९ अंश जास्त, म्हणजे आतली गरम हवा वळून पुन्हा पुढे येते आहे.

हवा कमी पडण्याचं कारण मागे सापडलं. राउटरच्या केबलचा जास्तीचा गुंडाळा बाहेरच्या जाळीसमोरच टांगलेला होता, त्या मोकळ्या ठेवायच्या पट्टीत. गरम हवा वळण्याची कारणं दोन. रॅकमधल्या रिकाम्या जागांना झाकणपट्ट्या नव्हत्या. एक यू म्हणजे साडेचव्वेचाळीस मिमीची फटही पुरते. आणि राउटर पुढून मागे हवा घेणारा नव्हता, डावीकडून उजवीकडे घेणारा होता. त्याची गरम हवा बाजूच्या भिंतीवर आपटून पुढे येत होती. गुंडाळा कापून केबल मापात केली, पट्ट्या लावल्या, राउटरच्या उजवीकडे पत्र्याची वाकडी आड घालून हवा मागे वळवली. पुन्हा चार तास: बाहेर ३१, निघणारी ४०, यंत्रांच्या तोंडाशी ३३.५. हवा २७६ घनमीटर. ३२० नाही, पण मागितलेल्या २४८ च्या वर, आणि फिल्टर मळायला थोडी जागा ठेवणारी. बाहेर ४० असताना यंत्रांना ४३ च्या आत हवा मिळेल.

मग एसी तोडला. बॅटरीवर पंखे त्याच वेगाने चालू राहिले. एक पंखा मुद्दाम बंद केला: अलार्म आला, निघणारी हवा दीड अंश चढली. झडप बोटाने उघडून धरली तेव्हा अडीच. पाण्याची चाचणी नळीने, सगळ्या बाजूंनी. बाहेरच्या जाळीच्या टोपीखाली दोन थेंब आले. टोपीचा ओठ १५ मिमीने खाली वाकवला.

उभारल्यापासून वीज मिळेपर्यंतचा काळ कॅबिनेटला वाईट जातो. चालू यंत्रांच्या उबेमुळे एरवी दव धरत नाही, बंद कॅबिनेटमध्ये रोज पहाटे धरतं. जागेवर वीज येईपर्यंत सिलिका जेलच्या पिशव्या आत ठेवल्या आणि पंख्यांच्या जाळीवर बाहेरून पत्रा लावला. त्या पत्र्यावर मोठ्या अक्षरांत ‘चालू करण्यापूर्वी काढा’ असं लिहिलं, आणि पंख्यांचा ब्रेकर त्याच पत्र्याला बांधलेल्या चिठ्ठीने अडवला.

पहिली भेट चार ते सहा आठवड्यांनी ठेवतो. तापून-निवून बोल्ट या काळात सैल होतात, विशेषतः बॅटरीचे, त्यामुळे रंगाच्या रेघा पाहून सगळे पुन्हा टॉर्कने तपासले. फिल्टर तारखेवरून बदलत नाही, फरकावरून बदलतो. दाराच्या आतल्या बाजूला वायरिंगच्या आकृतीशेजारी एक चिठ्ठी आहे: स्वच्छ फिल्टर, पूर्ण भार, निघणारी हवा बाहेरपेक्षा ९ अंश, १२ झाली की फिल्टर धुवा, धुऊनही उतरली नाही तर मागच्या जाळीसमोर काय टांगलंय ते पाहा.